माझ्या नावाचा डावा हात

सत्तरचे दशक संपत आले होते. त्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी दुपारी, कतारमध्ये उम्म सईदच्या कामगार कॅम्पात, माझ्या नावाने लढणारा मुष्टियोद्धा दुसऱ्या फेरीत जिंकला. त्या वेळी मी प्रेक्षकांत बसलो होतो. माझ्या उजव्या हाताला प्लास्टर होते.

जिंकला तो वेंगुर्ल्याकडचा रिगर होता. क्रेनला अवजड सामान बांधून वर चढवायचे, हे त्याचे काम. तो माझ्याच खोलीत, माझ्या समोरच्या खाटेवर झोपायचा. मी त्याच कंपनीत स्टोअरकीपर होतो. स्टोअरमध्ये लोखंडाची एक जड चकती रॅकवरून सुटून माझ्या हातावर पडली आणि दोन बोटे मोडली. लढत आठवड्यावर आली होती.

उम्म सईदला तेव्हा कारखाने उभे राहत होते. समुद्र, वाळू आणि मधे पाइपांचे ढीग. ठेकेदारांचे कॅम्प एकमेकांना लागून होते. हिवाळ्यात शुक्रवारची नमाज झाली की आमच्या मेसच्या मागे मुष्टियुद्धाच्या लढती होत. रिंग रिगर लोकच बांधत. ड्रमांवर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री, चार कोपऱ्यांत परांचीचे पाइप. घंटेच्या जागी पाइपाचा एक तुकडा टांगलेला असे आणि मेसचा इनचार्ज तो पान्याने वाजवी. लढणाऱ्याला कंपनीकडून पैसे मिळत, म्हणून सगळे त्यांना ‘प्रोफेशनल’ म्हणत. त्याआधी त्या भागात कोणी पैसे घेऊन लढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

लढती भरवणारा माणूस पाइपिंगचा सुपरिंटेंडंट होता. स्कॉटलंडचा, नाक पूर्वी कधीतरी मोडलेले. लढणाऱ्यांची नावे त्याला आधी कंपनीकडून मंजूर करून घ्यावी लागत. मंजुरी आली की पेंटर ती नावे कापडावर मोठ्या अक्षरांत रंगवी आणि कापड मेसच्या दारावर चढे. कापड चढल्यावर नाव बदलत नसे. माणूस बदलला तरी चालत असे. कोणी आजारी पडला, कोणाची ड्यूटी बदलली, कोणी करार संपून गावी गेला, तर दुसरा त्याच्या नावाने रिंगमध्ये उतरे. इजिप्तच्या एका मुकादमाच्या नावाने एकाच हिवाळ्यात तीन माणसे लढली. त्यातला एक पाकिस्तानी ड्रायव्हर हरल्यावर मेसमध्ये ताट घेऊन बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, “यार, आज मैं कौन था?” यावर सगळे हसले. त्यालाही हसू आले.

माझ्या बदली रिगरला उतरवायचे मीच सुचवले. तो खांद्याने रुंद होता आणि कोणाला भीत नव्हता. मुष्टियुद्ध त्याला येत नव्हते. आठवडाभर संध्याकाळी खोलीबाहेरच्या मोकळ्या जागेत मी त्याला पाय कसे ठेवायचे, हनुवटी कशी लपवायची ते दाखवले. मला हे सगळे वडिलांनी शिकवले होते. वडील खडकीच्या कारखान्यात लेथवर होते. कामावरून आले की चाळीच्या मागच्या मैदानात ते मुलांना मुष्टियुद्ध शिकवत. माझा उजवा हात चांगला होता. डावा कधी तयार झाला नाही. त्यावरून त्यांनी माझ्या डोक्यात किती टपल्या मारल्या, ते मोजलेले नाही.

रिगरचा डावा हात जन्मजात तयार होता. त्याला तो शिकवावा लागला नाही.

“दादा, ह्यो हात खंयसून येता ता माकाच कळणा नाय,” तो म्हणाला.

साताऱ्याचा एक वेल्डर आमच्या खोलीत होता. तो खाटेवर पाय पसरून हे सगळे बघत असे. “तुला कळंना, तर समोरच्याला काय कळतंय?” तो म्हणाला.

पहिली लढत रिगर जिंकला, तेव्हा मी खूश होतो. नाव माझे होते आणि ते हरले नव्हते. मेसच्या इनचार्जने कर्ण्यातून ते दोनदा पुकारले आणि पुढे जोडले, “खडकी, पूना!” रिगरने पुणे पाहिलेले नव्हते. तो गावातून मुंबईला आला होता आणि मुंबईहून थेट विमानात बसला होता.

दोन आठवड्यांनी पुन्हा लढत होती. माझा हात बरा नव्हता. कापडावर माझेच नाव होते. रिगर पुन्हा जिंकला. तिसऱ्या लढतीलाही तेच झाले. त्या महिन्यात शेजारच्या कॅम्पातले लोक त्याला रस्त्यात माझ्या नावाने हाक मारू लागले. तो ओ देई. मग आमच्या कॅम्पातले लोकही त्याला त्याच नावाने हाक मारू लागले. एका खोलीत एका नावाची दोन माणसे असली की घोटाळा होतो. म्हणून वेल्डरने मला ‘स्टोअर’ म्हणायला सुरुवात केली.

“स्टोअर, चहा घेणार?”

“मला नाव आहे,” मी म्हणालो.

“हाय की. पर ते आंघोळीला गेलंय.”

रिगर ओल्या केसांनी आत आला. खोलीतले सगळे हसत होते. कशाला हसताय, म्हणून त्याने विचारले. वेल्डरने त्याच्याही हातात कप दिला.

मला पहिल्यांदा राग आला तो मात्र मेसमध्ये. नाशिकचा एक सुतार रिगरला विचारत होता, खडकीत कुठे राहता. रिगर भात कालवत म्हणाला, “होळकर पुलाच्या ह्या अंगाक. बाबा कारखान्यात लेथवर. त्येनीच शिकवला.” हे सारे मी त्याला संध्याकाळी सराव घेताना सांगितलेले होते. चाळ, मैदान, वडील बूट न काढता कसे शिकवत, तेसुद्धा. तो खोटे बोलतोय असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हते. ज्या नावाने तो जेवायला बसला होता, त्या नावाच्या माणसाची माहिती तो देत होता. मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो.

प्लास्टर निघाले. मी एकटाच वाळूच्या पोत्यावर सराव सुरू केला. हात पूर्ववत झाल्यावर स्कॉटिश सुपरिंटेंडंटकडे गेलो आणि पुढची लढत माझी मी लढेन असे सांगितले. त्याच्या टेबलावर पाइपांचे नकाशे पसरले होते. त्याने वर बघितले.

“तू कोण?” त्याने विचारले.

मी नाव सांगितले.

“नाही,” तो म्हणाला. “त्याला मी ओळखतो. तो डावखुरा आहे.”

मी खिशातून कंपनीचा पास काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो वाचला, फोटो पाहिला, परत दिला. “असेल,” तो म्हणाला. “पण लोक त्याला बघायला येतात. तुला लढायचं असेल तर दुसरं नाव घे. इथे नावांची कमतरता नाही.”

त्याच आठवड्यात कॅसेट आली.

त्या काळी पत्रापेक्षा कॅसेट बरी पडे. घरचे लोक बोलून ती भरत आणि रजेवरून परतणाऱ्याबरोबर पाठवत. आमच्या खोलीत टेपरेकॉर्डर एकच होता, वेल्डरचा. त्यामुळे सगळ्यांच्या कॅसेट सगळे ऐकत. वेल्डरची बायको त्याला काय म्हणते, ते मला ठाऊक होते. रिगरच्या आईची गाय कोणाच्या शेतात शिरली, ते वेल्डरला ठाऊक होते. कोणाला त्यात वावगे वाटत नसे.

शेजारच्या कॅम्पातला पुण्याचा एक फिटर रजेवर जाऊन आला होता. तो मला ओळखत नव्हता. लढती त्याने मागे उभे राहून पाहिल्या होत्या आणि कर्ण्यातून ‘खडकी’ ऐकले होते. गावी गेल्यावर शोधत शोधत तो आमच्या चाळीत पोहोचला. माझ्या वडिलांना भेटला आणि मुलगा कसा जिंकतो ते त्यांना सांगून आला. कॅसेट त्याच्याबरोबरच आली होती. कॅम्पाच्या ऑफिसात तो ती ठेवून गेला. तिथून ती माझ्या हातात पडली.

आई आधी बोलली. पेढे वाटल्याचे तिने सांगितले. मग वडिलांचा आवाज आला. ते माइकच्या फार जवळ बसले असावेत.

“फिटरनं सगळं सांगितलं,” ते म्हणाले. “उभं राहून करून दाखवलं त्यानं. बाळा, डावा हात कधी शिकलास? मी इथं इतकी वर्षं ओरडलो, तुझा डावा उठला नाही. तिथं जाऊन उठला. मला जमलं नाही ते तू तुझं केलंस. शाब्बास. रात्री झोप लागली नाही मला. शाब्बास, पोरा.”

वडिलांनी मला असे पूर्वी कधी म्हटले नव्हते.

वेल्डर खाली बघून नखे कापत बसला. रिगर खाटेवर उठून बसला होता. टेप पुढे चालली होती. धाकट्या बहिणीच्या शाळेविषयी काही होते.

“दादा,” रिगर म्हणाला, “तां परत एकदा लाव मा.”

“काय?”

“बाबांचा. माका असा कधी कोण बोलूक नाय.”

मी टेप बंद केली आणि कॅसेट काढून घेतली. मी बाहेर गेलो. कॅम्पाच्या कुंपणापर्यंत चालत जाऊन परत आलो. त्या फेरीत मला काय वाटत होते, ते मी तेव्हाच स्वतःशी स्पष्ट केले होते. तो मत्सर होता. पैशांचा नव्हता, टाळ्यांचाही नव्हता. त्या एका शाब्बासकीचा होता. ती माझ्या घरून, माझ्या नावावर आली होती आणि त्याची होती. खरे कळवायचे म्हटले तर वडिलांना आधी सांगावे लागले असते की तो डावा हात माझा नाही. मी कळवले नाही.

त्यानंतर आम्ही दोघे खोलीत कामापुरते बोलत असू. तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागे. चहा केला की माझा कप भरून ठेवी. मला त्याचाही त्रास होई.

हिवाळ्याची शेवटची लढत जाहीर झाली. तिला नेहमीपेक्षा जास्त महत्त्व होते. बहारीनमध्ये सुपरिंटेंडंटचा एक मित्र अशाच लढती भरवत असे आणि त्याला इथला एक माणूस हवा होता. कापडावर माझे नाव रंगले. समोर शेजारच्या कॅम्पातला एक फिलिपिनो होता. लढतीच्या आधी त्याचा करार संपला आणि तो मायदेशी गेला. सुपरिंटेंडंटने मला बोलावले.

“तुला लढायचं होतं ना?” तो म्हणाला. “लढ त्या डावखुऱ्याशी.”

“माझ्या नावाने?”

“ते त्याच्याकडे आहे. फिलिपिनोच्या नावाने तुला कोण उतरू देईल? तुझं तोंड बघ. एका इंडियनचं नाव सांग. मंजुरी मी आणतो. कापड अजून चढलेलं नाही, नवीन रंगवू.”

“कोणाचं?” मी विचारले.

“डावखुऱ्याचं स्वतःचं नाव आहेच की,” तो म्हणाला. “ते कोणीच वापरत नाही.”

असे कापडावर दोन्ही बाजूंना आमचीच दोन नावे आली. रिगर माझ्या नावाने लढणार होता, मी त्याच्या. संध्याकाळी वेल्डरने दोघांना समोरासमोर बसवून विचारले, “म्हंजे मी वरडू कुनाच्या नावानं?”

रिगर हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “माझा नाव जपून वापर हां, दादा. अजून कोरा करकरीत आसा.”

मला हसू आले नाही. मी हिशेब करत होतो. मी हरलो, तर पुकारा होईल की माझे नाव जिंकले, आणि फिटर किंवा त्याच्यासारखा कोणीतरी ते खडकीला नेईल. वडील पुन्हा शाब्बास म्हणतील. मी जिंकलो, तर वडिलांना कळेल की मी हरलो. यात मधला मार्ग नव्हता. मला जिंकायचे होते.

त्या शुक्रवारी ऊन कमी होते आणि वारा सुटला होता. ताडपत्रीवर वाळू येत होती. दोन माणसे प्रत्येक फेरीनंतर ती झाडत. पहिल्या फेरीत त्याचा डावा माझ्या कानावर, मग बरगडीवर बसला. प्रेक्षक माझ्या नावाने ओरडत होते. ते त्याला उद्देशून होते. दुसऱ्या फेरीत मी फक्त मागे सरकत राहिलो. मला एक गोष्ट माहीत होती. सराव घेताना ती मी त्याला सांगितली होती आणि त्याने ती ऐकली नव्हती, कारण तोवर त्यासाठी त्याला कोणी मारले नव्हते. डावा फेकताना त्याचा उजवा हात हनुवटीवरून खाली येई. वडील माझ्याकडून हे घटवून घेत: समोरच्याचा येणारा हात बघू नकोस, त्याचा दुसरा हात बघ.

तिसऱ्या फेरीत त्याने डावा फेकला. उजवा खाली आला. मी सरळ उजवा मारला. रिगर खाली बसला. उठायला त्याने दोरी धरली, पण मोजणी संपली तेव्हा त्याचा एक गुडघा ताडपत्रीवरच होता.

मेसच्या इनचार्जने कर्णा तोंडाला लावला आणि विजेत्याचे नाव पुकारले. नाव रिगरचे होते, आणि पुढे “वेंगुर्ला, महाराष्ट्र!”

रिगर नुकता उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांत अजून पुरते भान नव्हते. स्वतःचे नाव ऐकताच त्याने हात वर केला.

प्रेक्षक मोठ्याने हसले. मग मागच्या रांगेतून कोणीतरी हरलेल्याला धीर देण्यासाठी ओरडले. त्याने माझे नाव घेतले होते. मी वळून पाहिले. आणखी काही जण तेच नाव घेऊन टाळ्या वाजवू लागले. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. सुपरिंटेंडंटने येऊन माझे मनगट धरले आणि माझा हात वर केला. त्या क्षणी रिंगमध्ये दोन हात वर होते.

“खाली घे की रं तुझा,” वेल्डर खालून रिगरला म्हणाला.

रिगरने हात खाली घेतला. तो माझ्याकडे आला, ग्लव्ह माझ्या खांद्यावर टेकवला आणि म्हणाला, “बरो मारलंस, दादा.” नंतर त्याने विचारले, “माझा नाव जिंकला मा?”

“जिंकलं,” मी म्हणालो.

बहारीनला कोण जाणार, हे मी दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडंटला विचारले. तो म्हणाला, तिकडचे कापड आधीच रंगून झाले आहे. त्यावर माझे नाव आहे आणि तिकडे ज्या माणसाचे वर्णन कळवले आहे, तो डावखुरा आहे. मी म्हणालो की मी जिंकलो आहे. त्याने मान हलवली. “वेंगुर्लावाला जिंकला,” तो म्हणाला. “त्याला तिकडे कोणी ओळखत नाही.”

उन्हाळ्यात मी रजेवर खडकीला गेलो. लढतीची बातमी माझ्याआधी पोहोचली होती. ती कोणी नेली, याची खात्री मला करता आली नाही. पुढे बरीच वर्षे वृत्तपत्रात बातम्या तपासण्याचे काम केले, पण ही एक तेव्हाही तपासता आली नाही.

संध्याकाळी वडील मैदानाच्या कठड्यावर बसले होते. मी शेजारी बसलो.

“हरलास म्हणे,” ते म्हणाले.

“हो.”

“कोणाकडून?”

“वेंगुर्ल्याकडचा एक रिगर आहे.”

“काय मारलं?”

“उजवा. सरळ.”

“उभा राहा,” ते म्हणाले. “दाखव कसा मारला.”

ते स्वतः समोर उभे राहिले, माझ्या जागी. मी रिगरच्या जागी उभा राहिलो. त्यांनी डावा हात हळूच पुढे केला आणि मी माझा उजवा त्यांच्या हनुवटीजवळ नेऊन थांबवला. त्यांनी तो तिथे असतानाच खाली बघून माझे पाय तपासले.

“तुझा उजवा खाली गेला असणार,” ते म्हणाले.

“गेला.”

“आणि त्यानं नेमका तोच बघितला.”

“हो.”

वडील परत कठड्यावर बसले. “चांगल्या माणसाच्या हाताखाली शिकलाय तो,” ते म्हणाले. “कोणाकडे शिकला, विचारलंस का?”

“नाही,” मी म्हणालो.

रिगर त्याआधीच बहारीनला गेला होता. तिथे तो दोनदा लढला, दोन्ही वेळा माझ्या नावाने, असे सुपरिंटेंडंटने मी परतल्यावर सांगितले. दुसऱ्या लढतीचा निकाल मला मिळाला नाही. पहिली तो जिंकला.